पिंजऱ्याने न सुटलेला प्रश्न: बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, बिबटे आणि मुंबई

या प्रकरणातल्या घटना सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. बळी गेलेली माणसं, त्यांची कुटुंबं, अधिकारी आणि संशोधक यांची नावं घेतलेली नाहीत.

## पार्श्वभूमी

देशातल्या शंभरावर राष्ट्रीय उद्यानांत लडाखचं हेमिस चार हजार चौ. किमी.च्या पुढे जातं. महाराष्ट्रातली चांदोली आणि गुगामळ तीनशेच्या वर आहेत. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. किमी.चं, आणि तेही महानगराच्या पोटात. पश्चिमेला दहिसर ते गोरेगाव, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे वसाहत, चित्रनगरी आणि पवई. उत्तरेला घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी. खाडीपलीकडे उद्यानाचाच एक तुकडा असलेला नागला ब्लॉक, त्याच्या पुढे तुंगारेश्वर अभयारण्य. जंगलातल्या जनावराला बाहेर पडायला वाट उरली आहे ती जवळपास याच बाजूने.

आकार लहान असला तरी या उद्यानावर शहराचं बरंच काही उभं आहे. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. आजही विहारमधून रोज सुमारे ९० आणि तुळशीतून सुमारे १८ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळतं. शहराच्या गरजेपुढे हा वाटा छोटा आहे, पण पाणलोट राखलेला आहे आणि हे पाणी दूरच्या धरणांच्या तुलनेत अगदी घराजवळचं आहे. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या इथल्याच डोंगरांतून निघतात आणि विहार भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीत जातं. शंभरावर गुंफांचं कान्हेरी याच जंगलात आहे. वर्षाला लाखो लोक इथे येतात. पहाटे फिरायला येणारे, रविवारी मुलांना घेऊन येणारे, महाशिवरात्रीला कान्हेरीकडे जाणारे, सगळे त्यात आले.

जंगलात आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी ही माणसं बिबट्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. वाघोबाची दगडी किंवा लाकडी मूर्ती शेंदूर लावून पुजणारे हे लोक. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर पट्ट्यात केलेल्या एका नोंदणीत वाघोबाची सुमारे दीडशे देवस्थानं आढळली. पुढच्या घटना समजून घेताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण बिबट्या इथे नव्याने आलेला नाही.

नव्याने आली ती वस्ती. नव्वदच्या दशकात उद्यानाच्या हद्दीत हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या मतदार यादीत नाव असलेल्यांना सात हजार रुपये भरून पुनर्वसनाचा हक्क मिळाला. हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हणजे २००० च्या सुमारास उद्यानाची कड ही एक आखीव रेषा नव्हती. अर्धवट पाडलेल्या झोपड्या, नवे उंच टॉवर, न उचललेला कचरा आणि जंगल असा तो गुंताडा होता.

## अडचण

२००२ ते २००४ या काळात उद्यानात आणि कडेला माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. जून २००४ हा सगळ्यांत वाईट महिना ठरला. त्या एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं गेली. वर्तमानपत्रांत रोज बातमी, वनखात्यावर मोर्चे, आमदारांचे फोन. मागणी एकच, बिबट्या पकडा.

बळींमध्ये मुलं बरीच होती. जे मोठे होते त्यांपैकी अनेक जण संध्याकाळनंतर किंवा पहाटे, उघड्यावर शौचाला बसलेले असताना गाठले गेले. हा तपशील महत्त्वाचा आहे. बिबट्या साधारण स्वतःच्या उंचीच्या भक्ष्यावर झडप घालतो. उभा मोठा माणूस त्याच्या हिशेबात सहसा बसत नाही. वाकलेला माणूस किंवा दोन-तीन वर्षांचं मूल बसतं.

बिबट्या वस्तीजवळ येतो त्याचं कारण बहुतेक वेळा माणूस नसतो. कचराकुंडी उघडी, हॉटेलं आणि खाटीकखान्यांचा कचरा उकिरड्यावर, त्यावर पोसलेले भटके कुत्रे आणि डुकरं. रात्री त्यांच्यासाठी बिबट्या जंगलाबाहेर येतो आणि उजाडायच्या आत परत जातो. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत कुत्र्यांचे अवशेष ठळकपणे सापडले आहेत. हीच साखळी उलटीही मोजली गेली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की इथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्रे खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळतात. उद्यानाची किंमत तिकीटविक्रीत मोजणाऱ्यांनी हा आकडाही जमेत धरावा.

आता प्रश्न असा की कुत्रे आणि कचरा आधीही होते, मग हल्ले त्याच तीन वर्षांत का वाढले? इथे पिंजरा येतो.

## समोर असलेले पर्याय

पकडून दुसरीकडे सोडणं. त्या वेळची ही रूढ पद्धत. वस्तीजवळ बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, बकरी किंवा कुत्रं आत बांधायचं, अडकलेलं जनावर लांबच्या जंगलात नाहीतर उद्यानाच्या आतल्या भागात सोडायचं. लोकांचा राग लगेच शांत होतो आणि पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो छापून येतो. अडचणी नंतर कळतात. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या हल्ला करणारा होता की वाटेने जाणारा दुसराच, हे सांगता येत नाही. गज चावून सुळे तुटतात, नखं उखडतात. अशा जनावराला शिकार जड जाते. शिवाय ठाण मांडलेला नर काढला की त्याची जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे तरुण बिबटे तिथे घुसतात, आपसांत भांडतात, आणि वस्तीच्या कडेचा ज्यांना अनुभव नाही असे बिबटे नेमके तिथेच येतात.

याचा पुरावा जुन्नरमधून आला. २००१ ते २००३ दरम्यान तिथे ऊसपट्ट्यातले २९ बिबटे पकडून सरासरी ३९.५ किमी लांब जंगलात सोडले गेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की ज्या जंगलांत ते सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले आणि त्यांत जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. बोरिवलीच्या उद्यानातही त्या काळात बाहेरून आणलेले बिबटे सोडले जात होते.

कायम बंदिवास. पकडून सोडायचंच नाही. यात शंका उरत नाही, पण पिंजरे भरतात आणि रिकामी जागा पुन्हा भरून निघते ती अडचण तशीच राहते.

ठार मारणं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते आणि जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असल्याचं नोंदवावं लागतं. पुन्हा तोच प्रश्न, नेमकं कोणतं जनावर?

जंगलात भक्ष्य वाढवणं. आतलं खाणं संपलं म्हणून तो बाहेर येतो, या समजुतीवर उद्यानात डुकरं आणि ससे सोडले गेले. आमच्या मते त्या काळातला हा सगळ्यांत कमकुवत उपाय. पाळीव वाणाची जनावरं जंगलात फार दिवस टिकत नाहीत, आणि कडेचा उकिरडा तसाच असेल तर बिबट्याला बाहेर येण्याचं कारणही तसंच राहतं.

भिंत. अतिक्रमण रोखायला ती लागतेच. बिबट्याला ती अडवत नाही. झाडावरून, नाल्यातून, तुटलेल्या जागेतून तो येतो.

माणसांच्या बाजूने काम. कचरा, शौचालय, दिवे, गर्दी, बातमी. दिसायला हळू, श्रेय कुणाच्याच नावावर नाही, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे यातलं जवळपास काहीच वनखात्याच्या हातात नाही. कचरा महापालिकेचा, गर्दी पोलिसांची, बातमी संपादकाची.

## काय केलं गेलं

पहिल्या टप्प्यात पिंजरेच लागले. पकडलेली बरीच जनावरं उद्यानाच्या बिबट्या केंद्रात ठेवली गेली, आणि पकडून सोडण्याचा प्रकार हळूहळू थांबला. हल्ले उतरले. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. हल्ले उतरण्याची निदान दोन कारणं शक्य आहेत. कडेचे बिबटे एकदम कमी झाले हे एक, आणि बाहेरून आणलेली, बिथरलेली जनावरं सोडणं बंद झालं हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळे ती आता वेगळी करता येत नाहीत.

दुसऱ्या टप्प्याला दिशा देणारी घटना मुंबईबाहेर घडली. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर भागात विहिरीत पडलेल्या एका मोठ्या नराला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. साधारण १२० किमी चालत, महामार्ग आणि खाडी पार करत तो नागला ब्लॉकच्या बाजूने या उद्यानापर्यंत पोचला. वाटेत माणसांच्या इतक्या जवळून गेला, पण कुणावर हल्ला केला नाही. "लांब सोडला की गेला" ही समजूत एका जनावराच्या पट्ट्याने मोडीत काढली. पुढे एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावू नये, पकडावाच लागला तर शक्यतो पकडल्या जागेजवळच सोडावा, हा त्यांचा रोख.

त्याच वर्षी उद्यान व्यवस्थापनाने संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी हे उद्यानाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) हा उपक्रम सुरू केला. आमच्या दृष्टीने प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून जरा तपशिलात.

आधी मोजणी. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, थोडे तिरके लावतात. अगदी समोरासमोर लावले तर एकाचा झोत दुसऱ्याच्या फोटोत जातो. एकच बाजू मिळाली तर तो फोटो कुणाशी जुळवायचा हे कळत नाही आणि एकच बिबट्या दोनदा मोजला जाण्याचा धोका राहतो. पहिल्या मोजणीत निदान २१ बिबटे ओळखता आले. वनरक्षकांच्या हातात प्रत्येक जनावराचा फोटो आला.

मग सुटकेचं पथक. सोसायटीच्या जिन्यात किंवा कारखान्यात अडकलेला बिबट्या हा सगळ्यांत धोक्याचा प्रसंग, आणि धोका बहुतेक वेळा गर्दीमुळे. भुलीचं औषध, सहसा झायलाझिन आणि केटामाइनचं मिश्रण, डार्ट, म्हणजे लांबून मारलेली भुलीची सुई, लागल्याबरोबर काम करत नाही. पाच ते पंधरा मिनिटं जातात. आरडाओरड्याने बिथरलेल्या जनावरावर ते आणखी उशिरा चढतं. त्या मिनिटांत वाट मोकळी नसेल तर बिबट्या जिथे फट दिसेल तिथे, म्हणजे माणसांच्या अंगावरून, निघतो. म्हणून क्रम असा ठरला. आधी पोलिसांनी गर्दी मागे सारायची, दारं-खिडक्या बंद करायला लावायच्या, जंगलाच्या दिशेची एक वाट उघडी ठेवायची. अंधार पडेपर्यंत थांबता येत असेल तर थांबायचं, कारण रात्री बहुतेक बिबटे आपले आपण निघून जातात. डार्ट शेवटी. त्यासाठी पोलिसांबरोबर वेगळी प्रशिक्षणं घ्यावी लागली.

पत्रकारांसाठी कार्यशाळा झाल्या. "नरभक्षक मोकाट" असं छापलं की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी येते आणि अधिकाऱ्याला ती मोडता येत नाही, हे त्यांना आकड्यांसह दाखवलं गेलं. इमारतींना आणि वस्त्यांना सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर ठेवू नका. रात्री चालताना टॉर्च लावा, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चला. कुंडीला झाकण लावा आणि कचरा रोज उचलला जातोय का बघा. बिबट्या दिसला तर दगड मारू नका, पाठलाग करू नका, त्याची वाट अडवू नका. कुंपणाजवळची झाडी छाटा आणि बंद पडलेल्या दिव्याची तक्रार करा. पुढे राज्यभर वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आला, त्याने फोन करायला एक जागा मिळाली.

## निर्णयाचे क्षण

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात कठीण क्षण एकच असतो आणि तो परत परत येतो. एखाद्या कॉलनीत रात्री बिबट्या दिसतो, सीसीटीव्हीचं चित्रण फिरतं, सकाळी शंभर माणसं उद्यानाच्या कचेरीत येतात. पिंजरा लावला तर सगळे घरी जातात. न लावला आणि आठवड्याने काही झालं तर अधिकारी जबाबदार. बिबट्या दिसणं म्हणजे हल्ला नव्हे, ही रेषा त्या सकाळी लोकांसमोर उभं राहून सांगावी लागते. ज्या कडेच्या वस्तीत आधीच दोन-तीन बैठका झालेल्या असतात तिथे हे ऐकून घेतलं जातं. जिथे वनखातं पहिल्यांदाच पोचतं तिथे सहसा नाही.

दुसरा क्षण हल्ला झाल्यावरचा. तेव्हा पिंजरा टाळणं योग्य नसतं, आणि टाळूही नये. पण पिंजऱ्याआधी कॅमेरे लागले पाहिजेत, जागेवरचे केस आणि लाळेचे नमुने गोळा झाले पाहिजेत. आरे वसाहतीत २०२१ मध्ये हल्ल्यांची मालिका झाली तेव्हा फोटोंवरून संशयित जनावर निश्चित करून त्याला पकडण्यावर भर राहिला. २००४ मध्ये हे शक्यच नव्हतं, कारण तेव्हा इथल्या बिबट्यांना ओळख नव्हती.

## परिणाम

२०१५ च्या मोजणीत उद्यान, आरे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले, २०१७ मध्ये ४१, २०१८ मध्ये ४७, २०२४ मध्ये ५४. पहिले २१ आणि शेवटचे ५४ सरळ तोलू नयेत, कारण कॅमेऱ्यांची संख्या, जागा आणि दिवस सारखे नव्हते. तरी एवढ्या लहान जंगलात इतके बिबटे, भोवती कोट्यवधी माणसं, आणि २००४ सारखं वर्ष पुन्हा आलेलं नाही. हे यश २०११ च्या उपक्रमाने हल्ले उतरवले असं सांगून मांडलं जातं, ते बरोबर नाही. हल्ले आधीच उतरले होते. उपक्रमाचं काम त्याहून अवघड होतं. बिबटे वाढत असताना ते हल्ले खाली ठेवायचे होते, आणि प्रत्येक दर्शनानंतर पिंजरा लावण्याची सवय मोडायची होती.

हल्ले संपलेले नाहीत. २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये आरेत ते झाले. २०२२ च्या दिवाळीच्या पहाटे आरेतच दीड वर्षाची एक मुलगी गेली. त्या घराला आकडेवारीने समाधान मिळत नाही, आणि मिळावं अशी अपेक्षाही कुणी करू नये.

## वेगळं काय करता आलं असतं

सोडलेल्या जनावराची नोंद. कोणता बिबट्या कुठे पकडला, कुठे सोडला, त्याला मायक्रोचिप बसवली का, हे सुरुवातीपासून एका वहीत असतं तर २००३ मध्येच ओळखता आलं असतं की पुन्हा पकडला गेलेला हा बाहेरचा आहे की इथलाच. त्यासाठी पैसे लागत नव्हते, शिस्त लागत होती.

शौचालयं. बळींचा पहिला नमुना दिसल्याबरोबर कडेच्या वस्त्यांत दिवे लावलेली सार्वजनिक शौचालयं उभारणं हा पिंजऱ्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय होता. तो मागे पडला, कारण वस्ती बेकायदा असल्याने तिथे सोय करणं म्हणजे अतिक्रमणाला मान्यता, असा अर्थ लावला गेला. पुनर्वसन होईपर्यंत माणसं तिथेच राहणार होती. फिरत्या शौचालयांना मान्यतेचा प्रश्न आला नसता.

कचऱ्याचा करार. आजही कुंडी कधी रिकामी होते हे महापालिकेच्या वॉर्ड कचेरीवर अवलंबून असतं. उद्यानाच्या कडेपासूनच्या ठरावीक पट्ट्यात रोज सूर्यास्तापूर्वी कचरा उचलण्याची लेखी जबाबदारी वॉर्डाने घ्यायला हवी होती. बैठका पुष्कळ झाल्या आहेत, पण अधिकारी बदलला की नव्याने पहिल्या बैठकीपासून सुरुवात होते.

पाड्यांचं ज्ञान. वाघोबा मानणाऱ्या घरांना रात्री कुठून जायचं, मुलांना कुठे झोपवायचं हे ठाऊक होतं. सूचना वरून खाली गेल्या, त्यांच्याकडून वर फार कमी आल्या.

आणि उत्तरेकडची वाट. बिबट्याचं तरुण पिल्लू मोठं झालं की त्याला स्वतःचा इलाखा शोधायला बाहेर पडावंच लागतं. दक्षिणेला आरेनंतर शहर आहे. उरतं ते नागला आणि तुंगारेश्वर, आणि मध्ये घोडबंदर रस्ता व मुंबई-अहमदाबाद महामार्ग. माळशेजहून चालत आलेला, जीपीएस पट्टा बांधलेला तो नर याच परिसरात राहिला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.